वाक्यारंभीचा ‘दरम्यान’

प्रश्न असा आला आहे की, बातमीचा शेवटचा किंवा त्याआधीचा परिच्छेद पुष्कळदा ‘दरम्यान’ या शब्दाने सुरू होतो, तिथे त्याचा अर्थ नेमका काय घ्यायचा. आणि ‘उपचारादरम्यान मृत्यू’, ‘दहा ते चार दरम्यान’ हे प्रयोग बरोबर आहेत काय.

हा शब्द मराठीत फारसीतून आला. ‘दर’ म्हणजे आत आणि ‘मियान’ म्हणजे मध्य. त्यामुळे या शब्दाला दोन टोके लागतात, मग ती स्थळाची असोत वा काळाची. ‘दोन स्थानकांदरम्यान रूळ खचला’ या वाक्यात ती स्पष्ट दिसतात. सुनावणी, अधिवेशन, प्रचार यांना आरंभ आणि शेवट असतो, म्हणून ‘सुनावणीदरम्यान’, ‘अधिवेशनादरम्यान’ हे प्रयोग निर्दोष आहेत. उपचारही काही काळ चालतात, तेव्हा तिथेही हा शब्द चालतो. मात्र उपचार आपण बहुधा अनेकवचनी वापरतो, म्हणून ‘उपचारांदरम्यान’ असा अनुस्वार हवा, आणि ‘उपचार सुरू असताना’ असे लिहिले तर ते अधिक सहज वाटते. ‘स्फोटादरम्यान तिघे जखमी’ हे मात्र खटकते. स्फोट क्षणात होतो, त्याच्या मध्ये काही घडायला अवधीच नसतो. ‘स्फोटात तिघे जखमी’ एवढे पुरे. तसेच ‘दोन गटांदरम्यान हाणामारी’ या मथळ्यात ‘दोन गटांत’ लिहिले की वाक्य मराठी होते, कारण इथे अंतर सांगायचे नसून परस्परसंबंध सांगायचा आहे.

‘दहा ते चार दरम्यान’ या प्रयोगात दोन रचनांची सरमिसळ झाली आहे. ‘ते’ या शब्दाने मर्यादा सांगून झालेली असते, त्यामुळे ‘दहा ते चार या वेळेत’ किंवा ‘दहा आणि चार यांदरम्यान’ यांपैकी एक रचना निवडावी. हा प्रयोग आता इतका रुळला आहे की त्याला चूक म्हणण्याचा आग्रह मी धरणार नाही, पण काळजीपूर्वक लिहिणाऱ्याने तो टाळावा असे वाटते.

खरा विचार करण्याजोगा आहे तो वाक्यारंभीचा ‘दरम्यान’. शब्दयोगी अव्ययाला आधी नाम लागते; इथे ते नाही, म्हणून तो क्रियाविशेषणासारखा एकटा उभा राहतो आणि मागचा संपूर्ण परिच्छेद हेच त्याचे टोक ठरते. ‘मंत्र्यांची बैठक दुपारपर्यंत चालली. दरम्यान, आंदोलकांनी रस्ता अडवला.’ हा वापर चोख आहे, कारण बैठक चालू असतानाच रस्ता अडवला गेला. परंतु ‘दरम्यान, याच आरोपीला गेल्या वर्षीही अटक झाली होती’ असे छापले जाते तेव्हा त्यात कोणताही मधला काळ नसतो. जुनी माहिती जोडायची असते, इतकेच. बातमी महत्त्वाच्या मजकुराकडून कमी महत्त्वाच्या मजकुराकडे उतरत जाते आणि जागा कमी पडली तर उपसंपादक शेवटचे परिच्छेद कापतो. अशा सुट्या परिच्छेदाला मागच्याशी बांधणारा, पण कापला तरी काही न बिघडवणारा शब्द हवा असतो, आणि ‘दरम्यान’ ते काम करतो. इंग्रजी वृत्तसंस्थांच्या मजकुरातील ‘मीनव्हाइल’चे ठरीव भाषांतर म्हणूनही तो हाताशी असतोच.

त्याच्या जागी मराठीत नेमके शब्द आहेत. घटना एकाच वेळी घडत असेल तर ‘त्याच वेळी’. स्थळ बदलत असेल तर ‘इकडे’ किंवा ‘तिकडे’, जे कथा सांगणाऱ्यांच्या तोंडी नेहमीचे आहेत. थोड्या मागच्या काळाबद्दल सांगायचे असेल तर ‘मध्यंतरी’. एक गोष्ट चालू असताना दुसरी अचानक घडली तर ‘तेवढ्यात’ किंवा ‘अशातच’. आणि निव्वळ जुनी माहिती द्यायची असेल तर ‘याआधी’. यांतला प्रत्येक शब्द वाचकाला काळाची दिशा दाखवतो, जी सरसकट वापरलेल्या ‘दरम्यान’मुळे हरवते.

लेखनाबाबत सांगायचे तर शब्दयोगी अव्यय म्हणून तो नामाच्या सामान्यरूपाला जोडूनच लिहावा: ‘निवडणुकीदरम्यान’, ‘प्रवासादरम्यान’. वाक्यारंभी आला तर त्यापुढे स्वल्पविराम देण्याची वृत्तपत्रांची पद्धत योग्य आहे. त्यामुळे तो पुढच्या नामाशी जोडून वाचला जात नाही.