तासाभराने पडणारा टनेल

प्रश्न : ताई, आमच्या दोन कार्यालयांतले राउटर वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत. त्यांच्यात आयकेई (राउटरांनी आपसात की ठरवायचा प्रोटोकॉल) व्हर्जन २ वर आयपीसेक टनेल, म्हणजे एन्क्रिप्ट केलेला मार्ग, लावला आहे. लावल्याबरोबर वर येतो, पिंग जातो, फाइली उघडतात. पण तास भरत आला की डेटा जायचा थांबतो. राउटर रीस्टार्ट केला की पुन्हा तासभर ठीक. पासवर्ड, एन्क्रिप्शन, दोन्हीकडची नेटवर्क सगळं तपासून झालं. सहकारी म्हणतात, ही आपोआप की ठरवायची भानगडच नको, दोन्हीकडे हाताने की टाका. टाकू का?

उत्तर : नका टाकू. का ते सांगतेच, आधी टनेल मार्गी लावू.

‘रीस्टार्ट केला की तासभर ठीक’ या तुमच्या वाक्यावरून माझा पहिला संशय पीएफएसवर जातो, म्हणजे नवी की जुन्या गुपितातून न काढता नव्याने ठरवायच्या सोयीवर. त्यासाठीचा डिफी-हेलमन (डीएच) ग्रुप, म्हणजे उघड्या वाटेवर सामाईक गुपित ठरवायच्या गणिताचा प्रकार, एकीकडे १४ आणि दुसरीकडे १९ असेल, नाहीतर एकीकडे पीएफएस चालू आणि दुसरीकडे बंद.

मग टनेल पहिल्याच फटक्यात का अडत नाही? व्हर्जन २ मध्ये राउटर आधी डिफी-हेलमन करून आयकेई एसए (की ठरवायच्या बोलण्यासाठीचा सुरक्षित करार) उभा करतात आणि एकमेकांची ओळख पटवतानाच डेटासाठीचा पहिला चाइल्ड एसएही तयार करतात. या पहिल्या चाइल्डच्या की आधीच्याच डिफी-हेलमनमधून निघतात. आयपीसेक पॉलिसीत तुम्ही लिहिलेला पीएफएसचा ग्रुप तेव्हा वापरलाच जात नाही. तो पहिल्यांदा लागतो रीकीच्या, म्हणजे जुन्या की बदलून नव्या आणायच्या, वेळी. बऱ्याच उपकरणांवर चाइल्ड एसएची मुदत ३६०० सेकंद असते आणि रीकी मुदत संपायच्या थोडी आधीच सुरू होते. रीस्टार्ट केला की पुन्हा पहिला चाइल्ड, म्हणून पुन्हा तासभर शांतता. व्हर्जन १ मध्ये पीएफएसचा ग्रुप सुरुवातीलाच जुळावा लागायचा, त्यामुळे त्याची सवय असलेली जाणती माणसंही इथे चकतात.

दोन्हीकडची आयपीसेक पॉलिसी उघडा. आयकेई प्रपोजल (आयकेई एसएची सेटिंग) नव्हे! डीएच ग्रुप दोन्ही ठिकाणी लिहिलेला असतो, आणि आयकेईचा जुळलेला दिसला की माणूस पुढे बघतच नाही. दोन्हीकडे १९ ठेवा, एखादा राउटर तो देत नसेल तर १४. ग्रुप २ कुठे राहून गेला असेल तर काढा, १०२४ बिटांवर आज विसंबू नये. पीएफएस दोन्हीकडे बंद करूनही टनेल टिकेल, पण मग आयकेई एसए नवा होईपर्यंतच्या सगळ्या की एकाच मूळ गुपितातून निघत राहतात. मला ते पटत नाही.

लॉग बघायचा तो नकार देणाऱ्या राउटरचा. मागणाऱ्याकडे नुसतं ‘नो प्रपोजल चोझन’ (एकही प्रस्ताव मान्य नाही) येतं, नकार देणाऱ्याकडे बहुधा समोरून काय आलं आणि इथे काय हवं होतं ते सापडतं. मुदती जुळवत बसू नका. व्हर्जन २ मध्ये त्या ठरवल्या जात नाहीत, ज्याची मुदत कमी तो आधी रीकी मागतो. ग्रुप जुळूनही तेच झालं, तर दुसऱ्या बाजूने येणारे आयकेईचे यूडीपी पोर्ट ५०० आणि ४५०० मधल्या फायरवॉलवर अडत नाहीत ना, ते पाहा.

दुरुस्तीनंतर तासभर ताटकळू नका. चाइल्ड एसएची मुदत तात्पुरती ३०० सेकंद करा, पिंग सतत चालू ठेवा आणि एसपीआयवर (चाइल्ड एसएच्या ओळख क्रमांकावर) नजर ठेवा. आकडा बदलला आणि पिंग तुटला नाही, की काम झालं. मग मुदत पूर्ववत करा. अख्खा आयकेई एसए क्लिअर करून ही चाचणी होत नाही, कारण त्यातून पुन्हा पहिलाच चाइल्ड मिळतो. कोणताही टनेल ताब्यात देण्याआधी ही चाचणी कराच, अगदी कळकळीने सांगते.

आता हाताने टाकलेली की. ती कोणी बदलेपर्यंत तीच राहते, आणि पुढे कधी फुटली तर आजवर टिपून ठेवलेला सगळा डेटा उघडा पडतो. रीस्टार्टनंतर पॅकेटचे क्रमांक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, त्यामुळे जुनी पॅकेट पुन्हा पाठवणाऱ्याला अडवणारं संरक्षणही वापरता येत नाही. एईएस-जीसीएम या एन्क्रिप्शन पद्धतीत तर त्याच कीवर तोच नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा) दुसऱ्यांदा आला की सुरक्षितताच कोसळते, म्हणून ईएसपीसाठीच्या (आयपीसेकमध्ये डेटा एन्क्रिप्ट करणाऱ्या भागासाठीच्या) त्याच्या मानकातच हाताने टाकलेल्या कीला मनाई आहे.

प्रश्न : आमचा टनेल व्हर्जन १, अॅग्रेसिव्ह मोडवर (कमी संदेशांत ओळख उरकणाऱ्या पद्धतीवर) आहे. प्री-शेअर्ड की (एकमेकांची ओळख पटवायला दोन्हीकडे आधीच टाकलेलं गुपित) म्हणून संस्थेचं नाव आणि साल चालेल का?

उत्तर : अजिबात नाही. त्या मोडमध्ये उत्तर देणारा राउटर, समोरच्याची ओळख पटायच्या आधीच, की वापरून काढलेला हॅश (गणिती ठसा) उघडा पाठवतो. तो घेऊन कोणीही निवांत बसून कीचा अंदाज लावू शकतो, आणि नाव-साल ही जोडी तर पहिल्याच यादीत असते. व्हर्जन १ इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने २०२३ मध्ये अधिकृतपणे मोडीत काढलं आहे, तेव्हा व्हर्जन २ वर या. तिथेही की जनरेटरमधून काढलेली, किमान ३२ अक्षरांची आणि प्रत्येक टनेलला वेगळी ठेवा. उपकरणं सर्टिफिकेट घेत असतील तर तेच लावा.