नवरा रशियन आहे, कझानला राहायला जाणार आहे. तिथे नोकरी कशी मिळेल?

तुम्ही लिहिलंय की चार वर्षांपूर्वी पुण्यात स्पेशल मॅरेज ॲक्टखाली लग्न झालं, नवरा मूळचा कझानचा, तुम्ही बीकॉम असून टॅलीवर अकाउंट्स बघता आणि रशियन जेमतेम वाचता येतं. गेल्या गेल्या नोकरी धरता येईल का, असं विचारलंय.

गेल्या गेल्या नाही. प्रायव्हेट व्हिसावर, म्हणजे नातेवाइकाच्या निमंत्रणावर मिळणाऱ्या व्हिसावर, काम करता येत नाही. मध्य आशियातले कामगार ज्या ‘पातेंत’ नावाच्या परवान्यावर काम करतात, तो परवाना भारतासारख्या, रशियाला जायला व्हिसा लागणाऱ्या देशांच्या नागरिकांना मिळतच नाही, त्यामुळे एजंट तो ‘काढून देतो’ म्हणाला तर तिथूनच परत फिरा. तुमचा रस्ता ‘एर-वे-पे’चा, म्हणजे तीन वर्षांच्या तात्पुरत्या वास्तव्य परवान्याचा. तो मिळाला की वेगळा वर्क परमिट लागत नाही. नवरा रशियन असेल तर हा परवाना कोट्याबाहेर, म्हणजे ठरावीक संख्येच्या मर्यादेशिवाय, मिळतो. मात्र आता त्यासाठी लग्नाला किमान ३ वर्षं झालेली असावी लागतात किंवा दोघांचं मूल असावं लागतं. तुम्ही यात बसता.

सामान बांधायच्या आधी एक काम करा. नवऱ्याचा देशांतर्गत पासपोर्ट (रशियातलं ओळखपत्र) उघडा आणि पाचव्या पानापासून पुढे राहत्या पत्त्याच्या नोंदणीचा, म्हणजे ‘प्रोपीस्का’चा, शेवटचा शिक्का कुठला आहे ते बघा. एर-वे-पे त्याच प्रदेशात मिळतो आणि नोकरीही त्याच प्रदेशात करावी लागते. शिक्का तातारस्तानचा, म्हणजे कझान ज्या प्रदेशात आहे त्याचा, असेल तर कझानमध्ये किंवा जवळच्या इन्नोपोलिस शहरात काम करता येईल, मॉस्कोत नाही. हे महत्त्वाचं अशासाठी की भारतीय औषध कंपन्यांची मोठी ऑफिसं मॉस्कोत आहेत आणि अकाउंट्सवाल्यांची नजर आधी तिकडेच जाते. मॉस्कोतच राहायचं ठरत असेल तर नवऱ्याची नोंदणी आधी तिकडे हलवा, अर्ज नंतर.

कागदपत्रं इथेच पक्की करा: जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र, पदवी आणि निघायच्या सुमारास काढलेलं पोलिसांचं पीसीसी, म्हणजे गुन्हा नोंद नसल्याचं प्रमाणपत्र. सगळ्यांवर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जाण्यासाठीचा शिक्का, हवं. भारतीय कागदावर ते रशियात मिळत नाही. भाषांतर मात्र कझानला पोहोचून नोटरीकडूनच करून घ्या, अपोस्टीलच्या शिक्क्यासकट.

आपल्याकडचे लोक हमखास अडतात ते नावात. आपल्या विद्यापीठाच्या कागदावर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. जन्मदाखल्यावर वेगळा क्रम, आणि लग्नानंतर पासपोर्टवर कधी नवऱ्याचं आडनाव. रशियन फॉर्ममध्ये ‘ओत्चेस्त्वो’ म्हणजे पितृनामाचा रकाना असतो. तो बघून वडिलांचं नाव तिथे लिहायचा मोह होतो, पण पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये ‘स्नेहा रमेश’ असेल तर ते दोन्ही शब्द नावाच्याच रकान्यात जातात आणि पितृनाम रिकामं राहतं. अक्षरांचंही तसंच. ‘जाधव’ कुणी ‘द्झादखाव’ वाचलं जाईल असं लिहितो, तर कुणी ‘द्झादाव’. व्हिसावर जे रशियन स्पेलिंग आलंय ते भाषांतरकाराच्या हातात द्या आणि प्रत्येक कागदावर तेच आहे की नाही ते अक्षर न् अक्षर तपासा. एका अक्षरासाठी अख्खी फाईल परत येते.

पोहोचल्यावर घरमालकाने, किंवा घर नवऱ्याचं असेल तर नवऱ्याने, तुमची नोंदणी कामाच्या ७ दिवसांत करायची. बोटांचे ठसे आणि वैद्यकीय तपासणी (एचआयव्ही, क्षय, कुष्ठरोग, सिफिलिस, अमली पदार्थ) ठरलेल्या मुदतीच्या आत. अर्जासाठी रशियन भाषा, इतिहास आणि कायदा यांची एकत्र परीक्षा द्यावी लागते, तिची तयारी इथूनच सुरू करा. निर्णयाला ४ महिन्यांपर्यंत लागतात. म्हणजे साधारण अर्धं वर्ष तुमच्या पगाराशिवाय काढायचं आहे, आणि भारतीय बँकेची व्हिसा-मास्टरकार्ड कार्डं मार्च २०२२ पासून तिथे चालत नाहीत. तेवढ्या पैशांची सोय आधीच लावून ठेवा.

आता नोकरी. टॅलीचा अनुभव तिथे थेट मोजला जात नाही. सगळं ‘अदीन-एस’ (१सी) या सॉफ्टवेअरवर चालतं आणि खात्यांना नंबर असतात: ५१ म्हणजे बँक, ६० पुरवठादार, ६२ ग्राहक. थांबण्याचे ते महिने याचाच कोर्स करण्यात घालवा, असं मी आग्रहाने सांगेन. दरम्यान कझानच्या विद्यापीठांकडेही बघा. तिथे भारतीय विद्यार्थी आहेत, परदेशी विद्यार्थ्यांच्या विभागात इंग्रजी-हिंदी येणाऱ्या माणसाला किंमत असते.

हेडहंटर या नोकऱ्यांच्या रशियन वेबसाइटवर रिझ्युमे रशियनमध्ये टाका. नागरिकत्व ‘भारत’ आणि कामाच्या परवानगीच्या रकान्यात ‘रशिया’ निवडा. पहिल्याच ओळीत लिहा, ‘येस्त एर-वे-पे, पातेंत नि त्रेबुयेत्स्या’, म्हणजे परवाना आहे, पातेंत लागत नाही. लहान मालक परदेशी नाव बघून बिचकतात, कारण बेकायदा कामावर ठेवलं तर कंपनीला लाखो रुबलचा दंड होतो. तुमच्या बाबतीत त्याने करायचं एवढंच की करार झाल्यापासून कामाच्या ३ दिवसांत गृहखात्याला कळवायचं. मुलाखतीत हे आपणहून सांगा.

पहिल्या पगारात ३० टक्के कर कापलेला दिसू शकतो. १२ महिन्यांत १८३ दिवस रशियात भरेपर्यंत तुम्ही करापुरत्या अनिवासी असता, नंतर दर १३ टक्क्यांवर येतो. वर्षअखेरीपर्यंत निवासी झालात तर जास्तीचा कापलेला कर परत मिळतो, तो मागायला विसरू नका.

घरून इंग्रजी शिकवायचं असेल तर ‘सामोझान्याती’ ही सोपी करपद्धत भारतीयांना खुली नाही. एर-वे-पे आल्यावर ‘ईपे’ म्हणजे वैयक्तिक व्यवसायाची नोंदणी करावी लागेल. आणि परवाना मिळाल्यावर माहेरी येताना दिवस मोजा: एका वर्षात ६ महिन्यांपेक्षा जास्त रशियाबाहेर राहिलात तर तो रद्द होतो.