'स्नायू', 'मांसपेशी' आणि 'पेशी'

प्रश्न असा: पेशी म्हणजे सजीवाचा सर्वांत छोटा घटक, मग 'मांसपेशी' हा अख्खा स्नायू कसा? आणि पट्टकी (आडवे पट्टे दिसणारे) स्नायू म्हणजेच ऐच्छिक (आपल्या इच्छेने हलणारे) स्नायू का?

मराठीत सरळ 'स्नायू' लिहावं. 'मांसपेशी' हिंदीत रुळलेला शब्द आहे. त्यातली 'पेशी' जुन्या संस्कृत अर्थाची, म्हणजे मांसाचा गोळा. सुश्रुतसंहितेत शरीरातल्या 500 पेशी सांगितल्या आहेत त्या याच. तिथे 900 स्नायू वेगळे मोजलेत. ते सांधे बांधून धरणारे दोर, आजच्या अस्थिबंध (हाडाला हाड जोडणारे) आणि कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या) यांच्या जवळचे. मराठीत पुढे 'स्नायू' मांसाकडे सरकला, बंगालीत आणि बऱ्याच अंशी हिंदीतही तो मज्जातंतूंकडे गेला. म्हणून हिंदीतलं 'स्नायु तंत्र' मराठीत 'मज्जासंस्था' होतं. अनुवादात इथे हमखास घोळ होतो आणि मज्जातंतूंचा आजार स्नायूंच्या माथी बसतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. 'पट्टकी-अपट्टकी' हे सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं त्यावरून, 'ऐच्छिक-अनैच्छिक' हे ताबा कोणाचा त्यावरून. बेटकुळी काढताना फुगतो तो दंडाचा स्नायू पट्टकीही आणि ऐच्छिकही. आतडी, मूत्राशय, रक्तवाहिन्यांच्या भिंती यांतला अपट्टकी आणि अनैच्छिक. (अंगावर काटा आणणारे केसांच्या मुळाशी असलेले स्नायूही यातलेच.) हृदयाचा स्नायू मात्र पट्टकी असून अनैच्छिक! त्याच्या पेशी फाटे फुटलेल्या, एक-दोन केंद्रकांच्या असतात आणि टोकाला टोक जोडून संदेश पुढे देतात, त्यामुळे ठोका एकसंध पडतो. अन्ननलिकेची गंमत तर अशी की वरचा भाग पट्टकी, खालचा अपट्टकी आणि मधे दोन्हींची सरमिसळ.

पट्टे दिसतात कारण ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे तंतू ओळीत रचलेले असतात. विश्रांतीत या रचनेचा पुन्हापुन्हा येणारा एक घटक साधारण 2 ते 2.5 मायक्रोमीटरचा. अपट्टकी स्नायूतही हीच प्रथिनं आहेत, पण ओळीत नाहीत. त्याची पेशी दोन्ही टोकांना निमुळती, एकाच केंद्रकाची.

हाडांना जोडलेल्या स्नायूत 'स्नायुतंतू' आणि 'स्नायुपेशी' एकच: घडताना अनेक पेशी एकमेकींत विलीन होऊन एकच लांब पेशी, म्हणजेच तंतू होतो, म्हणून कडेला पुष्कळ केंद्रकं. जाडी 10 ते 100 मायक्रोमीटर, लांबी मात्र कित्येक सेंटिमीटर असू शकते.

लिहिताना एक बघा: सुटा शब्द 'स्नायू' दीर्घ, समासात आधी आला की ऱ्हस्व. 'स्नायुपेशी', 'स्नायुदुखी', पण 'हृदयाचा स्नायू'. अनेकवचनही 'ते स्नायू'च.