पहिल्यांदाच कलामहोत्सवाला जाताना

कार्यक्रमपत्रिकेवर तू केलेल्या खुणा पाहिल्या. एवढी उत्सुकता पाहून फार बरं वाटलं, पण त्यातल्या निम्म्या आत्ताच खोड. दिवसाला तीन कार्यक्रम पुरेत. चौथ्याला डोळे बघतात, मन थकलेलं असतं.

तिनांपैकी एकच तुझ्या विषयाचा घे. नाटक शिकतेस म्हणून नाटकंच बघत बसलीस, तर इतक्या कला एका आवारात आल्याचा उपयोग काय? नर्तिका हालचाल मध्येच थांबवते तो क्षण, शिल्पाभोवती सोडलेली मोकळी जागा, समेवर येण्याआधी गायकाने घेतलेला श्वास... रंगमंचावर उभं राहताना हे सगळं तुला उपयोगी पडेल.

आडबाजूच्या छोट्या मंचांना आवर्जून वेळ दे. १९४७ साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहराच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाला आठ नाट्यसंस्था आमंत्रण नसताना गेल्या आणि त्यांनी आपापली जागा शोधून प्रयोग केले. आजचा प्रचंड ‘फ्रिंज’ महोत्सव त्यातूनच वाढला. मला स्वतःला सर्वांत जास्त शिकवलं ते अशाच अर्ध्या रिकाम्या खोल्यांनी.

प्रयोग संपला की लगेच कोणाशी बोलू नकोस. आधी वहीत चार ओळी लिही, नाहीतर दुसऱ्याचं मत तुझ्या आठवणीत मिसळतं. मग धीर करून कलाकाराला एखादा नेमका प्रश्न विचार. बहुतेक जण मनापासून बोलतात.

ओळखपत्र जवळ ठेव, विद्यार्थी सवलत असेल तर लागेल. आणि कार्यशाळेची नोंदणी आजच कर, तिथल्या जागा आधी भरतात.