लहान मुलाचे अपेंडिक्स फुटले आहे, हे कॅज्युअल्टीत कसे ओळखतात?

तुमचा प्रश्न असा आहे : पाच वर्षांच्या भाचीला गणपतीच्या दिवसांत पोटदुखी, उलट्या आणि पातळ शी सुरू झाली. मोदक जास्त झाले असतील म्हणून घरी ओव्याचे पाणी दिले गेले, मग दोन ठिकाणी पोटाचा संसर्ग समजून औषधे मिळाली, आणि तिसऱ्या रात्री ऑपरेशन झाले तेव्हा अपेंडिक्स फुटून पू पोटभर पसरलेला निघाला. हे आधी ओळखता आले नसते का, आणि आता ती घरी आल्यावर काय सांभाळायचे, असे तुम्ही विचारता. मी मुंबईत लहान मुलांचा सर्जन आहे आणि माझ्या बऱ्याच रात्री कॅज्युअल्टीत जातात. ज्या मुलीला मी तपासले नाही तिच्याविषयी निवाडा देणार नाही. पण हा आजार या वयात कसा लपतो आणि तो बिघडल्याचे आम्ही कशावरून ताडतो, एवढे सांगू शकतो.

बारा-तेरा वर्षांच्या मुलात हा आजार पुष्कळदा पुस्तकात लिहिल्याप्रमाणे येतो. आधी बेंबीभोवती दुखते, जेवण नकोसे होते, एक-दोन उलट्या होतात आणि काही तासांनी दुखणे उजव्या बाजूला खाली सरकते. मॅकबर्नी या सर्जनने १८८९ साली दाखवून दिलेला बिंदू, म्हणजे कमरेच्या उजव्या हाडापासून बेंबीकडे जाताना एक-तृतीयांश अंतरावरची जागा, तिथे बोट ठेवले की मूल दचकते. पाच वर्षांचे मूल मात्र घसा दुखला तरी आणि फुप्फुसात न्यूमोनिया झाला तरी तळहात बेंबीवरच ठेवते. शिवाय अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या मागे दडलेले किंवा ओटीपोटात खाली लोंबणारे असेल, तर त्या बिंदूवर फारसे काही सापडत नाही. त्यात आणखी एक अडचण शरीराच्या घडणीची आहे. आतड्यांवरून पदरासारखा लोंबणारा चरबीचा पडदा मोठ्या माणसात सुजलेल्या अपेंडिक्सला गुंडाळून पू एका जागी थोपवतो. लहान मुलात तो पडदा पातळ आणि अपुरा असतो, अपेंडिक्सची भिंतही नाजूक असते, म्हणून फुटल्यावर घाण सरळ पोटभर पसरते. पाच वर्षांखालील मुलांत निदान होईपर्यंत निम्म्याहून अधिक वेळा अपेंडिक्स फुटलेलेच असते, आणि हे केवळ मुंबईतले नव्हे, जगभरातल्या चांगल्या रुग्णालयांतले चित्र आहे.

आता पातळ शीविषयी, कारण बहुतेक चुका इथेच होतात. फुटलेल्या अपेंडिक्सचा पू ओटीपोटाच्या तळाशी साचला की तो गुदाशयाला डिवचतो आणि मुलाला सारखी थोडी थोडी, कधी शेंबडी, कुंथायला लावणारी शी होते. तोच पू मूत्राशयाला लागून असला तर लघवी करताना दुखते, तपासणीत पांढऱ्या पेशी दिसतात आणि कागदावर ‘लघवीचा संसर्ग’ असे लिहिले जाते. गॅस्ट्रोची शी सहसा भरपूर आणि पाण्यासारखी असते, उलट्या बहुधा आधी येतात, आणि पोटातली कळ शी झाल्यावर काही काळ तरी ओसरते. दुखणे आधी आणि उलटी नंतर, असा क्रम आईने सांगितला तर मी सावध होतो. हा क्रम काही अचूक कसोटी नव्हे. पण जून ते सप्टेंबर या काळात मुंबईच्या कॅज्युअल्टीत गॅस्ट्रो, टायफॉइड आणि डेंग्यू यांची मुले एकामागून एक येत असतात, आणि या तिन्ही आजारांत पोट दुखते. अशा गर्दीत एवढा एक प्रश्न विचारला गेला तरी पुष्कळ साधते.

हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. रेसिडेंट असताना एका पावसाळी रात्री कुर्ल्याहून आलेल्या सात वर्षांच्या मुलीला मी स्वतः गॅस्ट्रो म्हणून ओआरएसची पाकिटे देऊन घरी पाठवले होते. पोट मऊ लागले, असे मी केसपेपरवर लिहिले. पण तिला खाटेवरून उतरून चालायला सांगितले नव्हते. दोन दिवसांनी ती परत आली तेव्हा वडिलांनी तिला उचलून आणले होते, आणि तिचे पोट पाटीसारखे कडक झाले होते. मुलगी बरी झाली, मात्र तिला दहा दिवस आमच्याकडे राहावे लागले. तेव्हापासून ज्याला चालता येते अशा एकाही मुलाला चालवून आणि उडी मारायला लावून पाहिल्याशिवाय मी घरी सोडत नाही.

कारण पोटाच्या आतल्या आवरणाला सूज आली की हालचाल सोसवत नाही. कळ येणारे मूल गडबडा लोळते, आईच्या मांडीवरून खाली आणि खालून वर करते. पू पसरलेले मूल निपचित पडून राहते, उजवा गुडघा पोटाशी घेते, खोकायला सांगितले तर घाबरते. असे शांत पडलेले मूल पाहून नातेवाइकांना बरे वाटते, आमच्या मात्र पोटात गोळा येतो. रिक्षातून येताना खड्ड्यांत आणि स्पीडब्रेकरवर ते कळवळले का, हेही मी विचारतो. प्रश्न गमतीचा वाटेल, पण इंग्लंडमध्ये प्रौढ रुग्णांवर याचा रीतसर अभ्यास झाला आणि तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना रस्त्यावरच्या उंचवट्यावर दुखले नाही त्यांच्यात अपेंडिक्सची सूज क्वचितच निघाली. मुंबईच्या रस्त्यांवर ही तपासणी फुकटात होऊन जाते. पोट तपासताना दुखऱ्या जागेपासून दूर सुरुवात करायची, रडणाऱ्या मुलाच्या पोटावर आधी आईचाच हात ठेवून घ्यायचा, आणि तरीही जमले नाही तर ते झोपेपर्यंत थांबायचे. झोपेतही पोट कडकच राहिले, तर ते रडण्याने आखडलेले नाही एवढे नक्की.

दुसरी गोष्ट घड्याळाची. पहिल्या चोवीस तासांत अपेंडिक्स फुटणे तुलनेने कमी, छत्तीस ते अठ्ठेचाळीस तासांनंतर धोका झपाट्याने चढतो. म्हणून ‘कधीपासून’ याचे उत्तर ‘दोन-तीन दिवस’ असे मोघम न घेता, कोणत्या जेवणानंतर दुखू लागले इथपर्यंत खोदून घ्यावे लागते. फुटण्याच्या क्षणी आतला दाब उतरतो आणि दुखणे काही तास कमीही होऊ शकते. मूल झोपते, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि मग ताप वर जातो, पोट फुगते, उलटी हिरवी होऊ लागते. तुमच्या भाचीला मधे एक संध्याकाळ बरे वाटले होते का, हे बहिणीला विचारून पाहा. पुष्कळ घरांत असा तपशील नंतर आठवतो.

तपासण्यांविषयी थोडक्यात, कारण लोक त्यांच्यावर गरजेपेक्षा जास्त विसंबतात. लक्षणे आणि रक्ताची तपासणी मिळून दहापैकी गुण देण्याची लहान मुलांसाठीची एक पद्धत २००२ पासून वापरात आहे. तीन किंवा कमी गुणांना शक्यता कमी आणि सात किंवा अधिक गुणांना बरीच जास्त धरतात. पण ते गुण अपेंडिक्सची सूज आहे का एवढेच सुचवतात, ते फुटले आहे का हे ठरवायला पुरे पडत नाहीत. फुटल्याचा संशय बळावतो तो रक्तात सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारे प्रथिन, खूप वाढलेले आणि सोडियम १३५ च्या खाली गेलेले दिसले म्हणजे. मात्र रक्तातल्या पांढऱ्या पेशी नॉर्मल आल्या म्हणून आजार नाही असे कधीच ठरत नाही. सोनोग्राफीत सहा मिलिमीटरहून जाड, दाबल्यावर न चेपणारे अपेंडिक्स दिसले तर सूज आहे असे धरतात. फुटून मऊ पडलेले अपेंडिक्स मात्र पुष्कळदा दिसतच नाही, शिवाय पोटात वायू भरलेला असतो. तेव्हा रिपोर्टमधले ‘अपेंडिक्स दिसले नाही’ हे वाक्य ‘अपेंडिक्सला काही झालेले नाही’ असे वाचू नये. आजूबाजूला गढूळ पाणी, सुजलेली चरबी, सुस्त पडलेली आतडी किंवा मळाचा खडा यांचा उल्लेख आहे का ते पाहावे. एवढ्याने उलगडा झाला नाही तरच सीटी स्कॅन करतात, कारण लहान वयात क्ष-किरणांचा मारा जितका टळेल तितका बरा.

संशय पक्का झाला की शिरेतून सलाइन आणि प्रतिजैविके ताबडतोब सुरू होतात. वेदनाशामकही द्यावे. ‘गोळी दिली तर दुखणे झाकले जाईल’ ही जुनी समजूत अभ्यासांत टिकलेली नाही, आणि वेदना कमी झालेले मूल उलट नीट तपासू देते. पू पसरला असेल तर ऑपरेशन. बांधीव गळू झाले असेल तर काही वेळा आधी नळीने पू काढून, काही आठवड्यांनी अपेंडिक्स काढतात.

आधी ओळखता आले असते का? पहिल्या दिवशी बहुधा नाही; त्या दिवशी अनुभवी सर्जनलाही गॅस्ट्रोच वाटला असता. दुसऱ्या दिवशी मूल पुन्हा आले तेव्हा जुने निदान बाजूला ठेवून, कोरी पाटी घेऊन, पोट नव्याने तपासायला हवे होते. दुसरी फेरी हाच धोक्याचा इशारा असतो, असे मी माझ्या ज्युनिअरांना सांगतो, आणि घरी पाठवतानाही ‘बरे नाही वाटले तर या’ असे न म्हणता ‘उद्या सकाळी पोट दाखवायला याच’ असे लिहून द्यायला लावतो.

आता भाचीविषयी. फुटलेल्या अपेंडिक्सनंतर पोटात पुन्हा पू साचण्याची शक्यता असते, आणि तो बहुधा ऑपरेशननंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत साचतो. उतरलेला ताप परत चढला, सारखी थोडी थोडी शी होऊ लागली, जेवण सुटले किंवा ती वाकून चालू लागली, तर जवळच्या दवाखान्यात वेळ न दवडता जिथे ऑपरेशन झाले तिथेच न्या आणि डिस्चार्जचा कागद बरोबर ठेवा. उलटी हिरवी झाली आणि पोट फुगले, तर आतडी अडकलेली असू शकतात. मग सकाळची वाट पाहू नका, रात्रीच निघा.