इंग्रजी रोमँटिक कवींनी रोमन कवी व्हर्जिलच्या गोपगीतांचे (‘एक्लॉग्ज’) अनुवाद केले होते का?

हो, पण बहुतेक तुकड्यातुकड्यांनी. वर्ड्सवर्थने तरुणपणी अनुवाद करून पाहिला तो गोपगीताचा नव्हे, तर व्हर्जिलच्याच ‘जॉर्जिक्स’ या शेतीवरच्या काव्यातल्या ऑर्फियस या पुराणातल्या गायकाच्या कथेचा. मला सगळ्यात जवळचा वाटतो तो शेलीचा दहाव्या गोपगीताचा तुकडा. तो त्याच्या हयातीत छापलाच गेला नाही.

सुरुवातीच्याच ओळी पाहा. व्हर्जिल अरेथुसा या झऱ्याच्या देवतेला म्हणतो, ‘हे माझं शेवटचं काम पार पडू दे.’ शेली ‘शेवटचं’ गाळतो आणि ‘पुन्हा एकदा’ तुझ्या प्रवाहाचं चैतन्य माझ्या कवितेवर शिंपड, असं मागतो. पुढे मूळ लॅटिनमध्ये अरेथुसा नुसती सिसिलीच्या लाटांखालून सरकते. शेली त्या पाण्याला हिरवी-जांभळी झळाळी देतो. हा रंग सर्वस्वी त्याचा. काटेकोर अनुवाद हवा असेल तर ही चूकच, पण याच जागी मला शेली भेटतो.