धुकं, फोटो आणि लेन्समधली बुरशी

भातकापणी सुरू झाली की धुक्याच्या फोटोंबद्दल मेसेज सुरू होतात, आणि दरवर्षी तेच. एकदाच लिहून टाकतो.

प्रश्न: धुकं नक्की कधी मिळतं?
उजाडायच्या आधी पोचा. आदल्या रात्री आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि जमीन ओली असेल तर खोऱ्यात धुकं बसतं. चिपळूणजवळच्या परशुराम घाटातून खाली वाशिष्ठी नदी बघा. ऊन चढलं की खेळ खलास.

प्रश्न: धुकं डोळ्यांना पांढरं दिसतं, फोटोत मळकट राखाडी का येतं?
कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर सगळं मधल्या करड्यावर आणून ठेवतो. एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) +१ करा, हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बघा, रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा.

प्रश्न: फ्लॅश मारू का?
नको. थेंबांवर आपटून उजेड परत तुमच्याच लेन्समध्ये येतो.

प्रश्न: दुकानदार म्हणतो पोलरायझर (लेन्सपुढे लावायचा, चमक कापणारा फिल्टर) लावला की धुकं कापलं जातं. घेऊ का?
त्याला विकायचाय म्हणून म्हणतो. ओल्या पानांवरची चमक कमी करायला उपयोगी आहे, धुक्याला काही करत नाही.

प्रश्न: पावसाळाभर कॅमेरा बॅगेतच होता, आता लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतंय. तांदळाच्या डब्यात ठेवलाय, जाईल ना?
आधी डब्यातून बाहेर काढा! ही बुरशी आहे, आणि तांदूळ ओलावा फारसा ओढत नाही, वर त्याची पावडर फोकस रिंगमध्ये जाऊन बसते, पण व्हॉट्सॅपवर कोणीतरी सांगतं आणि सगळे करतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा बुरशीला हवा तसाच असतो, त्यात अंधारी बॅग मिळाली की तिची चंगळ. ती काचेवर आम्ल सोडते, कोटिंग (काचेवरचा पातळ थर) खाते, मग साफ केलं तरी डाग राहतात. माझी एक जुनी लेन्स अशीच गेली, 'बघू दिवाळीनंतर' म्हणत म्हणत. स्वतः उघडू नका, यूट्यूब बघून तर नाहीच. या आठवड्यातच लेन्स दुरुस्तीवाल्याला दाखवा, बुरशी कोटिंगपर्यंत गेलीय का ते तोच सांगेल, तोवर बाकीच्या लेन्सपासून लांब ठेवा. पुढच्या पावसाळ्यासाठी हवाबंद डबा, सिलिका जेल (ओलावा ओढणारे दाणे) आणि आत एक स्वस्तातला हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजणारा), काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे, आणि जेलचा रंग बदलला की ते पाकिटावर लिहिलंय तसं गरम करून घ्या, नुसतं टाकून विसरू नका.

प्रश्न: एसी गाडीतून उतरलो की लेन्सवर वाफ येते.
घाटात पोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद. वाफ धरलीच तर पुसत बसू नका, आणि लेन्स बदलायची तर अजिबात नाही.

प्रश्न: मोबाईलवर जमेल का?
जमेल. आधी लेन्स पुसा, टीशर्टने नाही.